खाडीकाठची नोंदवही

ठाणे खाडीच्या पूर्व काठावरील, म्हणजे नवी मुंबईच्या बाजूच्या एका कोळीवाड्यात आम्ही काही जणांनी सुमारे दोन वर्षे लोकजैवविविधता नोंदवहीचे काम केले. आम्ही म्हणजे कनिष्ठ महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणारी मी, वनस्पतिशास्त्राचे एक सहकारी, दहा-बारा विद्यार्थी, वनखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, हौशी पक्षिनिरीक्षकांचा एक गट आणि त्या वाड्यातील मच्छीमार संस्थेचे सभासद. गावाचे नाव मी येथे लिहिलेले नाही. ते लिहू नये असे गावातील बैठकीतच ठरले होते आणि त्यामागचे कारण पुढे ओघात येईल.

जैविक विविधता कायदा २००२ सालचा. त्याच्या कलम ४१ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि २००४ च्या नियमांनी या समितीचे मुख्य काम एकाच वाक्यात सांगितले होते: स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे. परिसरातील झाडे, मासे, पक्षी, पिके आणि त्यांच्याविषयी लोकांना असलेली माहिती ज्यांची त्यांनीच लिहून ठेवावी, ही कल्पना १९९० च्या दशकात परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली आणि निरनिराळ्या राज्यांत करून पाहिली. पुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि देशभर नोंदवह्यांची एकच घाई झाली. त्या घाईतल्या काही नोंदवह्या मी वाचल्या आहेत. त्यांत शास्त्रीय नावे बिनचूक असतात, परंतु गाव कोठेच दिसत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाल्याचे जाहीर झाले, तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांनी विचारले की आपल्या काठाची नोंदवही आपण का करू नये. समितीकडे सोपवता येईल अशी, एकाच वाड्यापुरती, पण खरी नोंदवही करावी, या विचाराने आम्ही कामाला लागलो.

पहिली भेट वाया गेली आणि तो दोष माझा होता. मी आठ पानी प्रश्नावली तयार केली होती. स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, अधिवास, पूर्वीचे प्रमाण, आताचे प्रमाण, उपयोग, हंगाम असे रकाने आखले होते. विद्यार्थ्यांना सोयीचा म्हणून रविवार निवडला आणि सकाळी अकराच्या सुमारास आम्ही जेट्टीवर पोचलो. पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती, उधाणाचे पाणी पार जेट्टीच्या पायऱ्यांपर्यंत चढले होते आणि ज्या चिखलपट्ट्याविषयी आम्हाला विचारायचे होते तो पूर्ण पाण्याखाली होता. पहाटेच्या ओहोटीला खाडीत गेलेले पुरुष घरी येऊन झोपले होते आणि स्त्रिया बाजारात मासळी घेऊन बसल्या होत्या. जाळे विणत बसलेल्या एका वृद्ध काकांनी आमचे कागद बाजूला ठेवले आणि ते म्हणाले, "बाय, भरतीला खाडी दिसत नाय, पानी दिसतं. खाडी बघाची तं ओहोटीला ये." आमच्या दोन वर्षांच्या कामाचे वेळापत्रक या एका वाक्यावर ठरले.

त्यानंतर आम्ही वाराने जाणे बंद केले आणि तिथीने जाऊ लागलो. कोळीवाड्यात भरतीची वेळ काढण्याचा हिशेब सर्वांना तोंडपाठ असतो. पक्षातील तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. अष्टमीच्या आसपास पाण्याची हालचाल मंद असते, तिला भांग म्हणतात. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते आणि त्या दिवसांत चिखलपट्टा सर्वांत दूरवर उघडा पडतो. विद्यार्थ्यांनी मुंबई बंदराचे छापील भरती-ओहोटीचे कोष्टक आणून हा हिशेब ताडून पाहिला, तेव्हा तो ढोबळमानाने जुळला. मात्र खाडीच्या वरच्या भागात पाणी बंदरापेक्षा उशिरा चढते, हे कोष्टकात नसते. ते काकांना ठाऊक होते आणि किती उशीर धरायचा हेही त्यांचे ठरलेले होते. नोंदवहीतील पहिली नोंद आम्ही कोणत्याही जीवाची केली नाही. ती या पाऊणपटीच्या हिशेबाची केली.

पहिली खरी फेरी अमावास्येच्या पहाटे झाली. वाड्यातील एक आजी आणि त्यांची सून पुढे चालत होत्या. चिखलात टाच आधी टेकवली तर पाय गुडघ्यापर्यंत रुततो, चवडा पसरून सरकवला तर माणूस वर राहतो, हे त्यांनी आधी चालून दाखवले, मगच आम्हाला आत घेतले. काठाला तिवरांची दाट रांग होती आणि त्यांची पेन्सिलीसारखी श्वसनमुळे चिखलातून हजारोंनी वर आलेली होती. आजींनी तिवराचे एक पान तोडून माझ्या हातावर ठेवले आणि चाटून पाहायला सांगितले. पानावर मिठाचे बारीक कण होते. हे झाड मुळांवाटे आलेले जादा मीठ पानांवरील ग्रंथींमधून बाहेर टाकते, हे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवत आले आहे, परंतु तोपर्यंत त्याची चव मी घेतली नव्हती. थोडे पुढे गेल्यावर जाड, शंकूसारख्या श्वसनमुळांचे एक मोठे झाड आले. विद्यार्थ्याने पुस्तकात पाहून वहीत ‘तिवर’ लिहिले. आजींनी ते वाचून घेतले आणि साफ नाकारले. हे चिपी, तिवर ते मागचे. चिपीचे मूळ वजनाला हलके असते, पूर्वी त्याचे तुकडे सुकवून जाळ्याला बोया म्हणून बांधत असत, असे सांगून त्यांनी एक वाळलेला तुकडा उचलला आणि साचलेल्या पाण्यात टाकला. तो तरंगत राहिला.

त्या दिवशी नावांचा प्रश्न आमच्यासमोर पहिल्यांदा नीट आला. मराठी पुस्तकांत एकाच खारफुटीला वेगवेगळी नावे आहेत आणि एकच नाव दोन-तीन झाडांना आहे. एका ठिकाणचा तिवर दुसऱ्या ठिकाणी चिपी होतो. गावातील नाव ‘चुकीचे’ आणि पुस्तकातील ‘बरोबर’ असे धरले असते, तर नोंदवहीत लिहिलेली माहिती गावाला स्वतःच्या झाडांना लावता आली नसती. म्हणून आम्ही नियम केला की आधी गावाचे नाव, मग झाडाचे पान, फूल, फळ आणि मूळ यांचे छायाचित्र, आणि त्यावरून माझ्या सहकाऱ्यांनी ठरवलेले शास्त्रीय नाव सर्वांत शेवटी. काटेरी पानांच्या, निळ्या-जांभळ्या फुलांच्या मारांडीबद्दल वाद झाला नाही. काजळ्याबद्दल झाला आणि तो मिटायला फुले येईपर्यंत थांबावे लागले.

माशांच्या नोंदी करताना वेगळी अडचण आली. ‘पूर्वीचे प्रमाण’ या रकान्यात पूर्वी म्हणजे केव्हा, याचे उत्तर प्रत्येकाचे निराळे होते. जिताडा कमी झाला, बोईट अजून मिळतो, निवट्या आहेत पण त्यांना तेलाचा वास येतो, असे सगळे सांगत. साल विचारले की मात्र बोलणे थांबायचे. तेव्हा आमच्यातील निवृत्त वनकर्मचाऱ्यांनी एक उपाय सुचवला आणि तो फार उपयोगी पडला. साल विचारायचे नाही, खूण विचारायची. सिडकोने जमिनी घेतल्या त्याच्या आधी की नंतर? वाशीचा पहिला पूल १९७३ मध्ये सुरू झाला, तेव्हा तुम्ही खाडीत जात होता का? ऐरोलीचा पूल झाला तेव्हा मुलगा केवढा होता? २६ जुलै २००५ च्या पुरानंतर काय बदलले? खुणा मिळाल्या तशा आठवणी आपोआप क्रमाने लागल्या. एका काकांनी सांगितले की ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने वाढत गेले तसे विशिष्ट नाल्याच्या तोंडाशी कालवे, म्हणजे खाण्याचे शिंपले, मिळेनाशी झाली. दुसऱ्या वाड्यात सोयरीक असलेल्या मावशींनी तीच गोष्ट दुसऱ्या नाल्याबद्दल सांगितली. तिघांनी स्वतंत्रपणे सांगितलेली गोष्ट एका खुणेवर जुळली तरच ती ‘गावाचे म्हणणे’ म्हणून लिहायची, नाहीतर ‘एका जाणकाराचे म्हणणे’ म्हणून लिहायची, असे आम्ही ठरवले. हा भेद वरवर किरकोळ वाटतो. माझ्या मते संपूर्ण नोंदवहीची विश्वासार्हता त्यावर उभी आहे.

सर्वांत मोठा मतभेद खारफुटीवरून झाला. विद्यार्थ्यांनी मोठ्या आनंदाने लिहिले होते की या काठावरील तिवरांचे क्षेत्र वाढले आहे. बैठकीत हे वाचून दाखवताच वातावरण तापले. मच्छीमारांचे म्हणणे असे की तिवर वाढली ती चिखलपट्ट्यावर वाढली. जेथे चिंबोरी (खेकडे) आणि निवटी मिळत, जेथून होडी काढायची वाट होती, तेथे आता झाडे आहेत आणि वाट दरवर्षी अरुंद होत चालली आहे. विद्यार्थ्यांना हे म्हणणे खारफुटीविरोधी वाटले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खारफुटीच्या तोडीविरुद्ध दिलेले आदेश त्यांना माहीत होते, आणि गावकरी तोडीला परवानगी मागत आहेत असे त्यांनी गृहीत धरले. गावातील कोणीही तोडीबद्दल बोललेले नव्हते. ते गाळाबद्दल बोलत होते.

ठाण्यातील बांदोडकर महाविद्यालय खाडीच्या काठावरच आहे आणि तेथील प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांनी अनेक वर्षे या खाडीचा अभ्यास केलेला आहे. खाडी गाळाने उथळ होत जाणे आणि त्या उथळ भागावर खारफुटी पसरणे, हे त्यांच्या संशोधनातही आलेले आहे. ते लेख मिळवून आम्ही त्यांचा आशय सोप्या मराठीत काढला आणि पुढच्या बैठकीत वाचला. खाडीचे दक्षिणेकडील तोंड मुंबई बंदरात रुंद उघडते, उत्तरेकडे ती ठाण्याजवळ एका चिंचोळ्या फाट्याने उल्हास नदीला जोडलेली आहे. त्या बाजूने पाण्याचा रेटा कमी पडला आणि भराव, पूल आणि नाल्यांचा कचरा यांनी गाळ धरून ठेवला की खाडी भरत जाते. हे ऐकताना काकांनी मध्येच थांबवले आणि जेट्टीपासून कोणत्या बाजूला गाळ आधी बसला, कोणत्या बाजूला नंतर, हे बोटाने जमिनीवर रेघा काढून दाखवले. विद्यार्थ्यांनी त्या रेघांचा कागदावर नकाशा केला. संशोधनात गाळ बसल्याचे लिहिलेले होते. आमच्या काठावर तो कोणत्या क्रमाने बसला, हे त्या रेघांत होते. शेवटी नोंदवहीत दोन्ही बाजू एकाच पानावर लिहिल्या गेल्या: खारफुटीचे संरक्षण सर्वांना मान्य आहे, आणि होडीच्या वाटेतील गाळाचा प्रश्न वनविभाग, महापालिका व मच्छीमार यांनी एकत्र पाहणी करून सोडवावा अशी गावाची मागणी आहे. दोन्ही बाजू आहेत तशाच लिहिण्याचे धैर्य आम्हाला तीन बैठकांनंतर आले.

पक्षिनिरीक्षक पहिले वर्षभर त्यांच्या वेळेला, त्यांच्या दुर्बिणी घेऊन स्वतंत्रपणे येत असत. रोहित पक्षी हिवाळ्याच्या सुरुवातीला येतात आणि बरेचसे पावसाळ्यापूर्वी परततात, तोवरच्या त्यांच्या तारीखवार नोंदी उत्तम होत्या. पण भरती चढल्यावर चिखलपट्टा बुडाला की थवे कोठे जातात, हे त्यांना तुकड्यातुकड्यांनीच माहीत होते. होडीवरच्या माणसांना ते रोज दिसत होते. कोणत्या तिथीला थवे लवकर उठतात, कोणत्या बाजूने सीवूड्स-नेरुळकडच्या पाणथळ जागांकडे जातात आणि पाणी उतरताना आधी कोठे उतरतात, हे त्यांनी सांगितले. एका वहीत तारीख आणि तिथी असे दोन्ही रकाने आले तेव्हा कुठे दोघांच्या नोंदी एकमेकींना पूरक ठरू लागल्या. खाडीतील अभयारण्य २०१५ साली जाहीर झालेले आहे; परंतु पक्ष्यांचा दिवस अभयारण्याची सीमा आणि तिच्याबाहेरची तळी अशा दोन्हींवर विभागलेला असतो, हे आमच्या विद्यार्थ्यांना नकाशावरून नव्हे तर या वहीवरून समजले.

‘अभयारण्य’ आणि ‘रामसर’ हे शब्द मात्र वाड्यात भीतीचे होते. उद्या आम्हालाच खाडीत उतरू देणार नाहीत, ही शंका प्रत्येक बैठकीत निघे. १९७१ च्या रामसर कराराचा आधारच सुज्ञ वापर हा आहे आणि पाणथळीवर जगणाऱ्या लोकांना बाहेर काढणे हा त्याचा हेतू नाही, हे मी अनेकदा समजावून सांगितले. तरी भीती केवळ सांगण्याने जाणारी नव्हती, कारण या लोकांनी जमिनी जाताना पाहिलेल्या आहेत. त्यांचा संशय मला पूर्णपणे रास्त वाटतो.

म्हणूनच वाचनाची संध्याकाळ हा आमच्या कामातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा ठरला. मसुदा तयार झाल्यावर आम्ही तो देवळाच्या ओट्यावर ओळीने मोठ्याने वाचून दाखवला. त्याला चार संध्याकाळी लागल्या. स्त्रियांना बाजारातून परतून स्वयंपाक उरकल्यावरच येता येत होते, म्हणून रात्री साडेआठनंतरची वेळ ठरली. समितीत किमान एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात असे २००४ च्या नियमांत होते. पण बैठकीची वेळ त्यांच्या सोयीची नसेल तर तो आकडा कागदावरच राहतो. कालवे फोडणे, निवट्या पकडणे, मासळी सुकवणे, भाव ठरवणे यांविषयीच्या जवळजवळ सर्व नोंदी त्या चार रात्रींत दुरुस्त झाल्या. तोपर्यंत त्या पुरुषांच्या सांगण्यावरून लिहिलेल्या होत्या.

तिसऱ्या रात्री चिंबोरीचे पान आले. अमावास्येला चिंबोरी भरलेली मिळते आणि पौर्णिमेला पोकळ, ही समजूत, पकडण्याची पद्धत आणि बिळे कोठे आहेत याचे बारीक वर्णन असे सर्व विद्यार्थ्यांनी अतिशय परिश्रमाने लिहिले होते, सोबत नकाशाही होता. वाचन संपताच आजी उठल्या. त्यांनी पान मागून घेतले, नकाशावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ह्यो काराचा. हे आमचे पोटाचं हाय. बाहेरचा मानूस वाचून येल आन् उपसून नेल." ज्या विद्यार्थिनीने तो नकाशा काढला होता तिचे डोळे भरून आले. मलाही आधी वाटले की इतकी मोलाची माहिती गमावू नये. मग लक्षात आले की जे आपल्याला ‘माहिती’ वाटते ते त्या घराचे उद्याचे जेवण आहे, आणि ते द्यायचे की नाही हे ठरवण्याचा हक्क आजींचाच आहे. बाहेरच्या कोणाला स्थानिक साधनांचा किंवा ज्ञानाचा वापर करू दिला तर त्याची, घेतलेल्या शुल्काची आणि मिळालेल्या लाभाची वेगळी नोंद समितीने ठेवावी, असेही नियमांत होते. परंतु नियम नंतर कामी येतो, बीळ आधी उपसले जाते.

त्या रात्री नकाशा फाडून आजींच्या हातात दिला. पानावर एवढेच ठेवले: या काठावर चिंबोरी मिळते, अंडी धरलेली मादी सोडून द्यावी असे जुन्या माणसांचे सांगणे आहे, जागा गावाला माहीत आहेत. याच बैठकीत गावाचे नाव आम्ही इतरत्र कोठेही लिहायचे नाही, असा निर्णय झाला. चौथ्या रात्री, कोणी न मागता, दोन वृद्धांनी जिताड्याविषयीची आपली माहिती दिली. ती आधीच्या दीड वर्षात एकदाही निघाली नव्हती.

अंतिम प्रतीचे काम त्यानंतर लवकर आटोपले. एक प्रत समितीकडे सोपवली, एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे, आणि मूळ प्रत मच्छीमार संस्थेच्या कपाटात आहे. मूळ प्रतीत प्रत्येक नोंदीसमोर अर्धे पान कोरे सोडले आहे. संस्थेचा तरुण चिटणीस त्यात महिन्यातून एकदा शाईने भर घालतो आणि आम्ही दर तीन महिन्यांनी त्यावरून आमची प्रत सुधारतो.

होडीच्या वाटेतील गाळाची पाहणी अजून व्हायची आहे. वनविभागाचे कर्मचारी, महापालिकेचे अभियंते आणि मच्छीमार यांनी एकाच दिवशी एकत्र यावे म्हणून पत्रव्यवहार चालू आहे. आम्हाला आलेल्या पहिल्या पत्रात सोमवारी दुपारी बाराची वेळ दिली होती. तो पौर्णिमेचा दिवस होता आणि बाराला भरती असते. चिटणीसाने उत्तरात तिथीचा हिशेब, त्या दिवसाची ओहोटीची वेळ आणि वाडीपर्यंत पाणी उतरायला लागणारा उशीर असे तिन्ही लिहून पाठवले, आणि पाहणीची वेळ आता सकाळी साडेसहाची ठरली आहे.